गोंदूरची धावपट्टी, कागदांची फाइल आणि पहिली सोलो

धुळ्याला लागून गोंदूर गाव आहे आणि तिथेच आमचं विमानतळ. इथे तिकीट काढून येणारा-जाणारा प्रवासी नसतो. दिवसभर उडतात ती शिकणाऱ्यांची छोटी विमानं, आणि अधूनमधून एखाद्या मंत्र्याचं किंवा कंपनीचं विमान येऊन जातं. जानेवारी २०२४ मध्ये या धावपट्टीवरून मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं आणि परत उतरवलं, म्हणजे माझी पहिली सोलो झाली. त्याआधीचं जवळपास एक वर्ष तपासण्या, कागदपत्रं, वाट पाहणं आणि शिकणं यात गेलं. त्यातला हवेत घालवलेला वेळ फारच थोडा.

सुरुवात करताना मला मराठीत वाचायला मिळाल्या त्या फक्त अकादमींच्या जाहिराती. ‘अमुक महिन्यांत पायलट व्हा’ एवढंच त्यात असायचं. कुठलं काम कशाच्या आधी करायचं, कुठे किती थांबावं लागतं, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. माझी निम्मी भीती त्या न कळण्याचीच होती, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करत होते, घरात विमानाशी संबंध असलेलं कुणी नाही. फी आणि नियम बदलतात, त्यामुळे आकडे अंदाजापुरते घ्या आणि नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. कुठल्याही फ्लाइंग क्लबला, म्हणजे विमान शिकवणाऱ्या संस्थेला, एक रुपया देण्याआधी. हे मी ठासून सांगते, कारण लाखो रुपये भरून झाल्यावर डोळ्यांच्या रंगपरीक्षेत अडकलेला मुलगा मी पाहिला आहे.

विद्यार्थी वैमानिकाला क्लास टू मेडिकल लागतं. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांची शहरवार यादी संकेतस्थळावर आहे. त्याआधी डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर स्वतःचं खातं उघडावं लागतं, कारण अहवाल तिथूनच पुढे जातो. रक्त, लघवी, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानांची ऑडिओमेट्री, डोळ्यांची सविस्तर तपासणी, असं सगळं होतं. ठिपक्यांमधले आकडे ओळखायची ती रंगांची पुस्तिका, इशिहारा, तीही असते. चष्मा असला म्हणून घाबरू नका. माझाही आहे. चष्म्यासह नीट दिसलं पाहिजे, आणि उडताना दुसरा जोड जवळ ठेवायचा, एवढंच. डॉक्टरांची फी आणि तपासण्या मिळून माझे सात-आठ हजार गेले.

मी फेब्रुवारी २०२३ मध्ये रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि हिमोग्लोबिनपाशी गाडी थांबली. डॉक्टर मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “आत्ता तपासणी सुरू केली तर टेम्पररी अनफिट लिहावं लागेल. आधी हे वाढव, मग ये.” टेम्पररी अनफिट म्हणजे कायमचं दार बंद नव्हे, कारण दूर झालं की पुन्हा तपासणी होते. पण त्या दिवशी मला बसमध्ये रडू आलं. घरी आईने लोखंडी तवा, कढई आणि पालेभाज्या यांचा ताबा घेतला. मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मुलींसाठी खास सांगते: तपासणीला जायच्या दोन-तीन महिने आधी स्वतःहून हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. एप्रिलच्या अखेरीस आकडा जागेवर आला, तपासणी झाली, मे महिन्यात पोर्टलवर ‘फिट’ दिसलं.

ज्यांना पुढे व्यावसायिक परवाना काढायचा आहे त्यांना क्लास वन मेडिकलही लागतं. क्लास टूचा फाइल नंबर मिळाल्यावर ते करता येतं. ते हवाई दलाच्या केंद्रांवर किंवा मान्यता असलेल्या काही रुग्णालयांत होतं आणि तारीख मिळायला वेळ लागतो. मी बेंगळुरूला गेले. शक्य असेल तर हेसुद्धा क्लबची मोठी फी भरायच्या आधीच उरका.

आता नावाचा घोळ. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. माझ्या आधारवर वडिलांचं नावच नव्हतं, आणि पासपोर्टवर क्रम तिसराच. एरवी यामुळे काही अडत नाही. इथे मात्र मेडिकल, डीजीसीएच्या लेखी परीक्षांना बसायचा नोंदणी क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटर नंबर, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि पुढचे सगळे परवाने एकाच नावाने निघावे लागतात, आणि एकदा चुकीच्या नावाने काही निघालं की दुरुस्तीचा फेरा लांबतो. मी दहावीचं प्रमाणपत्र मूळ मानलं आणि बाकी सगळं त्याला जुळवलं. आधार केंद्रावर पन्नास रुपयांत काम झालं. पासपोर्ट नव्याने काढायला पंधराशे रुपये आणि एक दिवस गेला. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी यात विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रतही येईल, ती आधीच काढून ठेवा.

कॉम्प्युटर नंबरसाठी बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी लागते. भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांवर सगळं अडतं. विभागीय मंडळाच्या कार्यालयात अर्ज, चलन, मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्स घेऊन गेले. तिथल्या खिडकीवरच्या काकांनी अर्ज बघून शांतपणे सांगितलं की पत्र कुणाच्या नावे आणि कुठे पाठवायचं ते स्वच्छ अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून द्या, नाहीतर ते इथेच पडून राहतं. मी तसं केलं. पत्र निघायला काही आठवडे लागले. जावक क्रमांक मागून घ्या, फोनवर त्या क्रमांकाशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही.

पोलीस चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. मग ठाण्यातून फोन येतो, पत्त्याची खात्री होते. मी पुण्यात भाड्याने राहत होते, कायमचा पत्ता नाशिकचा, त्यामुळे दोन्हीकडची चौकशी झाली आणि पावसाळ्याचा बराच भाग त्यात गेला. भाडेकरार नोंदणीकृत असेल तर हे सोपं जातं.

हे सगळं चालू असताना मी विमानतळं बघत होते. गोंदूरला पहिल्यांदा गेले ती जुलैमध्ये. पाऊस पडून गेलेला, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर हिरवं गवत, हँगरमध्ये एक सेस्ना विमान इंजिन उघडून उभं, आणि दोन मुलं आकाशाकडे बघत बसलेली. ढगांचा तळ खाली होता, म्हणून त्या दिवशी काहीच उडणार नव्हतं. त्यातल्या एकाने मला जे सांगितलं ते फार उपयोगी पडलं: “ताई, कागदावर किती विमानं आहेत ते विचारू नका. आज किती उडतायत, इन्स्ट्रक्टर किती आहेत आणि मुलं किती आहेत, ते विचारा.” मी तेच प्रश्न कार्यालयात विचारले. फी टप्प्याटप्प्याने भरता येते का, तेही विचारलं आणि लेखी घेतलं. माझ्या वेळी उड्डाणाच्या तासाला पंधरा हजारांच्या आसपास पडत होते. हा तास हवेतला नसतो. विमान स्वतःच्या ताकदीने जागचं हललं की वेळ सुरू, परत येऊन थांबलं की बंद. म्हणजे धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालवत नेणं, टॅक्सी करणं, तेही त्यात येतं. छोट्या विमानतळावर रांग नसते, हा इथे शिकण्याचा सरळ पैशांतला फायदा. मोठ्या विमानतळावर प्रवासी विमानांमागे इंजिन चालू ठेवून थांबलं की तुमचे पैसे जळत राहतात.

जुन्या काळी हे शिक्षण शहराच्या मधोमध चालायचं. भारतातला पहिला वैमानिक परवाना १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना मिळाला, आणि ते शिकले जुहूला. आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात आणि शेजारी मुंबईचं मोठं विमानतळ आहे. नवशिक्याने तिथे घिरट्या घालाव्यात अशी जागाच उरलेली नाही. गोंदूर, कराड, बारामती, शिरपूर अशा पट्ट्या आहेत म्हणून आमच्यासारख्यांना चुकत-सुधारत शिकता येतं. अशी विमानतळं ओस पडलेली दिसतात म्हणून कुणी त्यांना बिनकामाची म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

सप्टेंबर अखेरीस नोकरी सोडली. बँकेच्या कर्जाबद्दल थोडक्यात: तारण मागतात, आणि मंजुरीला क्लबचं अंदाजपत्रक व डीजीसीएच्या मान्यतेची प्रत लागते. देवपूरमध्ये एका मावशींकडे खोली घेतली. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले आणि विद्यार्थी वैमानिक परवान्याची, म्हणजे एसपीएलची तयारी.

एसपीएलसाठी किमान वय १६ लागतं. क्लबमध्येच परीक्षा होते: हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान, विमान आणि इंजिन. माझी तोंडी झाली. समोरून येणाऱ्या विमानाला कुणी कुठे वळायचं, दोघांनीही उजवीकडे. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा धरतो. दृश्य नियमांखाली, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडायला दृश्यमानता किती हवी, पाच किलोमीटर. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांनी एक प्रश्न विचारला जो कुठल्याच नोट्समध्ये नव्हता: “वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा लोंबकळतोय, एकदम गळालेला. मग कुठल्या दिशेने उतरणार?” मी म्हटलं, आधी बाकीची विमानं कुठल्या दिशेने उतरतायत ते ऐकेन. सर नुसतं “हं” म्हणाले आणि पुढचा प्रश्न आला. दिवाळीच्या आधी परवाना हातात आला. त्यावर अटी स्पष्ट आहेत: प्रवासी न्यायचा नाही, पैसे घेऊन उडायचं नाही, आणि प्रत्येक एकट्या उड्डाणाला इन्स्ट्रक्टरची संमती हवी. रेडिओवर बोलण्यासाठी वेगळा मर्यादित परवाना लागतो, तोही याच सुमारास निघाला.

नोव्हेंबरपासून उडायला लागले. पहाटे अंधारात देवपूरमधून निघायचं, थंडी मी म्हणत असायची. पोहोचल्यावर आधी श्वासतपासणी. उड्डाणाच्या आधीचे बारा तास मद्य वर्ज्य असतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा काही होमिओपॅथिक औषधंही यंत्रावर दिसू शकतात. खोकल्याचं औषध घ्यायचं झालं तर बाटलीवरचे घटक वाचा आणि इन्स्ट्रक्टरला आधी सांगा. मग हवामान, मग ऑथरायझेशन बुकमध्ये नोंद आणि सही, मग विमानाभोवती फेरी. पंखातल्या टाकीतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून बघायचं: निळसर असायला हवं, तळाशी पाण्याचा थेंब नको. तेलाची पट्टी, टायर, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवरचं आवरण काढलं का, पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या फ्लॅपचे सांधे. यादी हातात धरूनच करायचं, पाठ असलं तरी. वर्षभर कागदांची फाइल जुळवताना जी सवय लागली होती, एकेक गोष्ट बघून मग पुढे जायची, ती इथे जशीच्या तशी कामाला आली.

सेस्ना १५२ हे दोन माणसांचं विमान. खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. आमच्याकडे एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, मनोरा नाही. परवानगी देणारं कुणी नसतं. आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते प्रत्येकाने रेडिओवर सांगायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं आणि डोळ्यांनी शोधायचं. हे इंग्रजी बोलणं सुरुवातीला मला उडण्यापेक्षा अवघड गेलं. हात, पाय, डोळे गुंतलेले असताना तोंडातून शब्द फुटत नाहीत. मी खोलीत फरशीवर खडूने चौकोन आखला आणि त्यावर चालत मोठ्याने कॉल म्हणायचे. मावशी दारातून बघायच्या. चार दिवसांनी त्यांनीच मला आठवण केली, “ते वळताना बोलतेस ते राहिलं गं आज.”

चौकोन म्हणजे सर्किट. वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण, डावीकडे वळून क्रॉसविंड, मग धावपट्टीला समांतर डाउनविंड, साधारण हजार फुटांवर, मग धावपट्टीकडे आणखी एक वळण, ते बेस, मग पट्टीच्या सरळ रेषेत उतरायला येणं, ते फायनल. खाली नकाणे तलाव दिसायचा, लांबवर लळिंगचा किल्ला, मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक. हे सगळं पहिल्या आठवड्यात बघून घ्या. नंतर नजर फक्त वेग, उंची आणि धावपट्टी एवढ्यातच फिरते.

डिसेंबरभर माझं उतरणं बसत नव्हतं. फायनलवर साठ-पासष्ट नॉटचा, म्हणजे ताशी साधारण एकशेदहा-एकशेवीस किलोमीटरचा, वेग धरून खाली येणं जमत होतं. अडायचं ते शेवटच्या काही फुटांत. नाक हळूहळू वर घेत विमानाला जमिनीच्या जरा वर धरून ठेवायचं, वेग मरू द्यायचा, आणि मग त्याने आपणहून बसायचं. याला फ्लेअर म्हणतात. मी लवकर ओढलं की विमान पुन्हा वर फुगायचं, उशीर झाला की आपटून उसळायचं. माझ्यानंतर आलेल्या एका मुलाची सोलो झाली. रात्री आईला फोन केला की काय बोलायचं ते सुचायचं नाही, मी हवामानाबद्दल बोलायचे.

सुटका एका वाक्याने झाली. माझे इन्स्ट्रक्टर म्हणाले, “तू जवळची जमीन बघतेस. पट्टीचं पार टोक बघ.” नजर लांब नेली आणि विमान किती उंचीवर आहे ते डोळ्यांच्या कडेला आपोआप कळायला लागलं. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघू नको म्हणतात, तसंच हे. प्रत्येकाची गाठ वेगळी असते, तुमची कदाचित पायाने चालवायच्या रडरची असेल. पण या टप्प्यावर अडकणं अगदी नेहमीचं आहे, त्यात लाज वाटून घेऊ नका. दुसऱ्याच्या तासांशी स्वतःचे तास जुळवत बसू नका. आणि बसत नसेल तर गो-अराउंड करा, म्हणजे पूर्ण ताकद लावून पुन्हा वर. त्याने कुणी नापास करत नाही. उलट वेळेवर वर जाता येतं का, हेच सोलो देण्याआधी बघतात.

जानेवारीत धुक्याने बरेच दिवस खाल्ले. सकाळी साडेसहाला तयार होऊन अकरापर्यंत बाकावर बसून राहायचं. त्या वेळात मी लेखी परीक्षेचा हवामानाचा अभ्यास केला. समोर धुकं हळूहळू विरताना बघत धुक्याचा धडा वाचला तो पक्का लक्षात राहिला.

मग एका स्वच्छ सकाळी चीफ सर स्वतः माझ्याबरोबर बसले. सोलो चेक. काही सर्किट झाली, एकदा त्यांनी डाउनविंडवर इंजिनाची ताकद पूर्ण कमी करून “आता?” विचारलं. मी साठ नॉट धरले, धावपट्टीकडे वळले. उतरल्यावर ते म्हणाले, पट्टीबाहेर घे. विमान थांबलं. त्यांनी पट्टा सोडला, रिकाम्या सीटचा पट्टा नीट आवळून ठेवला, कारण तो लोंबून कंट्रोलमध्ये अडकू शकतो, आणि म्हणाले, “एकच सर्किट. हलकं वाटेल, लवकर उचलेल. आवडलं नाही तर गो-अराउंड.” दार लागलं.

त्या क्षणी मला भीती वाटेल असं मी महिनोन्‌महिने धरून चालले होते. पण यादी हातात होती आणि पुढची ओळ वाचायची होती. ट्रिम, फ्लॅप, मिक्स्चर, तापमान, दाब. फायनलकडे बघितलं, कुणी नाही. कॉल दिला, पट्टीवर आले, थ्रॉटल पूर्ण. पन्नास नॉटला नाक उचललं आणि विमान खरोखरच झटकन वर आलं. एका माणसाचं वजन या विमानात फार मोठं असतं. चढण्याचा वेग नेहमीपेक्षा जास्त, म्हणून हजार फूट क्रॉसविंडवरच जवळ आले, मला नाक आधीच खाली घ्यावं लागलं. हे कुणी आधी सांगितलेलं असलं की गोंधळ उडत नाही, म्हणून सांगतेय.

डाउनविंडवर उजवीकडे बघितलं. तिथे सीट होती आणि तिच्यापलीकडे खिडकी. इतके दिवस ती खिडकी मला पूर्ण कधी दिसलीच नव्हती. रेडिओवर माझाच आवाज आला तो स्थिर होता आणि मला फार आनंद झाला. मग बेस, फायनल, पासष्ट नॉट, नजर टोकाला. चाकं टेकली तेव्हा थोडी आपटली, एकदा. विमान सरळ राहिलं.

खाली उतरल्यावर पहिल्या सोलोच्या प्रथेप्रमाणे बादलीभर थंड पाणी अंगावर आलं, जानेवारीत. मी मागवलेले पेढे हँगरमधल्या मेकॅनिक दादांना आधी दिले, कारण ते विमान रोज पहाटे त्यांनीच तपासून ठेवलेलं असतं. लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये लिहायची असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ‘पायलट इन कमांड’ या रकान्यात पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. बाबांना फोन केला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, “जेवलीस का?”

आता पुढचं. एकट्याने दुसऱ्या गावापर्यंत उडायला आधी दहा तास सोलो आणि विषयांच्या परीक्षा पूर्ण लागतात. खासगी परवान्याला एकूण चाळीस तास, व्यावसायिकला दोनशे. मार्चपासून खान्देशात दुपारची हवा तापते, विमान नीट चढत नाही आणि उसळ्या बसतात, म्हणून आमची उड्डाणं सकाळीच उरकतात. हेडसेट सुरुवातीला विकत घेऊ नका, चांगला तीस-चाळीस हजारांना पडतो. क्लबचा वापरा, मग बाहेर पडणाऱ्या सीनियरकडून जुना घ्या. आणि गोंदूरला येऊन बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या, आधी क्लबला फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र आणा. फाटकावरचे काका नाव लिहून घेतील आणि विचारतील, कुणाकडे आलात. शिकायचं आहे, बघायला आले, असं सांगा. ते स्वतः कार्यालयापर्यंत सोडतात.